प्रति: ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा?

अलंकार ओळखायला एकाने सुचवलेली ‘सारखा दिसला की उपमा, जणू दिसला की उत्प्रेक्षा’ ही युक्ती परीक्षेपुरती चालते. पण तो शब्दच गाळलेला असला की पोरं अडतात. ‘मृगनयनी’, ‘कमलनयन’ यांत जसा-सारखा काहीच नाही, तरी उपमाच. उपमेय (ज्याची तुलना करतो ते), उपमान (ज्याच्याशी तुलना करतो ते), साधारण धर्म (दोघांतला समान गुण) आणि साधर्म्यवाचक शब्द (जसा, सारखा) यांपैकी एखादं अंग गळालं की ती लुप्तोपमा. चारही हजर असतील तर पूर्णोपमा.

जळगावला शिकवणीत मी एकच विषय धरतो, भुसावळचं ऊन (मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातोच, वेगळं उदाहरण शोधायला नको). ऊन भट्टीसारखं तापलंय: उपमा. ऊन म्हणजे जणू भट्टीच: उत्प्रेक्षा. हे ऊन नव्हेच, भट्टी आहे: अपन्हुती. भट्टीही यापुढे गार: व्यतिरेक (उपमेय उपमानाहून वरचढ). खरी गल्लत होते ती रूपक (‘ऊन हीच भट्टी’) आणि अपन्हुतीत, कारण दोन्हीकडे ऊन आणि भट्टी एकच होऊन बसतात. अपन्हुतीत मात्र आधी उन्हाला साफ नाकारावं लागतं. आणि ‘ओट्यावर ठेवलेला कच्चा पापड भाजून निघाला’ ही अतिशयोक्ती, असं मी सांगतो. भुसावळची पोरं मान्य करत नाहीत.