हेलकावे आणि विमानाचा पंख

हेलकाव्यांत विमान कोसळेल या धास्तीने आपण मुंबईला अजूनही भुसावळहून रेल्वेनेच जाता, असे आपण लिहिले आहे. माझीही कित्येक वर्षे अशीच गेली. हेलकाव्यांचे कारण समजले, तेव्हा भीती ओसरू लागली. मे महिन्यात आपल्याकडची काळी जमीन दुपारी तापते, तिच्यावरची हवा गरम होऊन वर चढते आणि त्या प्रवाहांतून जाताना विमान हिंदकळते, म्हणून मी शक्यतो सकाळचे उड्डाण निवडतो आणि पंखाजवळची जागा घेतो, कारण शेपटीकडे धक्के अधिक जाणवतात. पंखाचे टोक वरखाली हलताना दिसले, की पूर्वी तळहातांना घाम फुटे. परंतु तो लवचीकच बनवलेला असतो आणि अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भार सोसण्याची त्याची क्षमता आधी सिद्ध करावी लागते. (कन्नड घाटात एसटीच्या खिडक्या खडखडतात, तेव्हा मात्र आपण खुशाल डुलक्या घेतो!) तरीही छातीत धडधडलेच, तर समोरच्या ट्रेवरील अर्ध्या भरलेल्या बाटलीकडे पाहावे, विमान शंभर फूट खाली गेल्यासारखे आपल्याला वाटते, तेव्हा त्यातले पाणी बहुधा जेमतेम डचमळलेले असते.