अंगणातले पक्षी: १५ हजारांत लेन्स कोणती आणि हिरवट रंगांचं काय करू?

केतकी_सांगली
कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स (आकडे मिमीचे, आकडा मोठा तितका पक्षी मोठा दिसतो). आंब्याखाली पाण्याचं पसरट मातीचं भांडं ठेवलंय, तिथे लालबुड्या बुलबुल, दयाळ, शिंजीर येतात. पक्षी फोटोत फार लहान येतो, आणि सावलीत सगळंच हिरवट दिसतं, दयाळाचं पांढरं पोटसुद्धा. बजेट १५ हजार, वर एक रुपया नाही. रंगांचं काम डार्कटेबल या फोटो सुधारायच्या प्रोग्राममध्ये करते.

दुर्बीणवाला
१५ हजारांत पक्षी होत नाहीत, स्पष्ट सांगतो. थांबा, पैसे साठवा आणि १५०-६०० घ्या. माझ्याकडे तीच आहे. गच्चीवरून समोरच्या पिंपळावरचा तांबट चौकट भरून येतो.

रानवाटा
ताईंनी बजेट लिहिलंय हो. शिवाय या मोठ्या झूम २ मीटरच्या आत फोकसच करत नाहीत. जुनी (वापरलेली) कॅननची ५५-२५० एसटीएम लेन्स बघा, ती ८५ सेंमीवर फोकस होते. बसलेल्या बुलबुलाला १/५०० सेकंदाचं शटर पुरतं, शिंजीर मात्र १/१६०० च्या खाली हललेलाच येतो.

चिपळूणचा_पाऊस
+१ ५५-२५०. जुनी घेताना मागून टॉर्च मारून आत बघा, बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. मला एका दुकानाने तसलीच 'नव्यासारखी' म्हणून गळ्यात मारली आणि परतही घेतली नाही. घरी हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच.

एकच_कॅमेरा
लेन्सच्या भानगडीत पडूच नका. निकॉन पी९५० घ्या, ८३ पट झूम, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) पण मिळतं.

रॉ_रंग
तो बजेटच्या कितीतरी बाहेर आहे, आणि सेन्सर एवढासा, त्यामुळे आंब्याखाली आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) चढला की पिसांचा तपशील जातो. रंगाचं तर अजून कुणी बोललंच नाही.

दोष कॅमेऱ्याचा नाही. पानांतून गाळून आलेला उजेडच हिरवा असतो. दयाळाच्या पोटावर खालून गवताचा हिरवा पडतो, पाठीवर आभाळाचा निळा. म्हणून पोटावर ड्रॉपर (प्रोग्रामला 'हा रंग करडा धर' असं सांगणारं साधन) लावला की पोट पांढरं होतं आणि बाकीचं चित्र जांभळट.

रॉमध्ये काढा. पक्षी बसतो त्याच जागी १८ टक्के करडं कार्ड धरून एक फ्रेम घ्या. डार्कटेबलमधल्या 'कलर कॅलिब्रेशन'चा ड्रॉपर त्या कार्डावर लावा आणि तेच सेटिंग बाकीच्या फोटोंवर चिकटवा. 'व्हाइट बॅलन्स' मॉड्यूल 'कॅमेरा रेफरन्स'वरच राहू द्या, तेही हलवलंत तर दुरुस्ती दोनदा होते. पोटावर उरलेली झाक मास्क करून (म्हणजे फक्त तेवढा भाग निवडून) तेवढ्यापुरती काढा. सगळ्या चित्रावर मजेंटा (हिरव्याच्या उलट गुलाबी-जांभळा) ओढला की पानं मेलेली दिसतात.

बुलबुलाच्या बुडाखालच्या लालला सॅच्युरेशन लावू नका. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) आरजीबीवर, म्हणजे लाल, हिरवा, निळा वेगळे दिसतील असा ठेवा. एकूण आलेख ठीक दिसतो, पण लाल उजव्या भिंतीला टेकलेला असतो, मग पिसं जाऊन नुसता डाग उरतो. एक्स्पोजर −२/३ ठेवा, म्हणजे फोटो किंचित गडद.

दुर्बीणवाला
कार्ड कशाला विकत घ्यायचं? ए४ कागद धरा.

रॉ_रंग
ऑफिसच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं असतात, उन्हात तो निळसर दिसतो. त्यावर जुळवलंत की फोटो पिवळट येणार.

सातभाई
शिंजीर सावलीत काळाच येणार. तो रंग पिसांच्या रचनेतून येतो, ऊन तुमच्या पाठीमागून हवं. नुसत्या सावल्या उचलल्या तर फक्त नॉइज (दाणेदारपणा) मिळेल. आणि भांड्यातलं पाणी रोज बदला, डास होतात. शेजारी तांदूळ टाकू नका, कबुतरं येतात आणि बाकीचे पक्षी पळतात.

चिपळूणचा_पाऊस
तांदळाने काही होत नाही, आमच्याकडे चिमण्या त्यावरच येतात. ५५-२५० च घ्या.

केतकी_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. लेन्स घेत नाही. १८-५५ तर २५ सेंमीवरही फोकस होते, मग मीच लांब का राहू? कॅमेरा भांड्यापासून अडीच फुटांवर ट्रायपॉडवर, वर हिरवं कापड. ५५ मिमी, एफ/८ (लेन्सचं छिद्र), १/५००, ऑटो आयएसओ. फोकस मॅन्युअल, भांड्याच्या काठावर बसवलेला. शटर घरातून फोनवर, वायफायने. जागा ठरलेली, म्हणून कार्डाची फ्रेमही तिथेच, उजेड सरकला की पुन्हा. ट्रायपॉड आणि कार्ड घेईन, बाकीचे पैसे राहू देत.

दुर्बीणवाला
पस्तावाल. निदान २५० तरी घ्या.

रानवाटा
आधी दोन-तीन दिवस त्याच जागी कापड टाकलेला रिकामा खोका ठेवा, पक्षी सरावतात. एफ/८ ला जेमतेम चार-पाच सेंमी धारदार येईल, त्यामुळे पक्षी आडवा असतानाच दाबा. 'ऑटो पॉवर ऑफ' बंद करा, नाहीतर वायफाय तुटेल. लाइव्ह व्ह्यूत (पडद्यावर सतत चित्र दिसताना) बॅटरी भराभर उतरते, दुसरी चार्ज करून ठेवा.