शब्दचर्चा : जैवसूचक की जैवचिन्हक?

विचारणा : पुरुषांच्या वंध्यत्वाविषयीच्या माहितीपत्रकाचे मराठी करताना मी 'बायोमार्कर' या शब्दापाशी अडले आहे. 'जैवसूचक' आणि 'जैवचिन्हक' हे दोन्ही पर्याय वाचनात येतात. शिवाय आधीच्या मसुद्यात 'नपुंसकत्व' आणि 'शुक्रजंतू' हे शब्द आहेत. ते तसेच ठेवावेत का?

उत्तर : 'जैवसूचक' हा शब्द पर्यावरणाच्या लेखनात आधीच रुळलेला आहे. हवा शुद्ध असेल तेथे दगडफूल वाढते म्हणून त्याला आपण जैवसूचक म्हणतो, म्हणजे तेथे एक अख्खा सजीवच सूचना देत असतो. बायोमार्कर मात्र रक्तात किंवा वीर्यात मोजता येणारी खूण असते, आणि म्हणून 'जैवचिन्हक' मला अधिक नेमका वाटतो. पहिल्या उल्लेखात 'जैवचिन्हक, म्हणजे शरीरातील मोजता येणारी खूण' असे लिहावे. पुढे नुसते 'खूण' म्हटले तरी वाचकाला कळते.

ही खूण नेमके काय सांगते, हे पाहिल्यावर बाकीचे शब्दही ठरवता येतात. वीर्यात शुक्राणू मुळीच सापडत नाहीत, त्या स्थितीला 'अशुक्राणुता' म्हणावे. तिची कारणे मुख्यतः दोन प्रकारची असतात : वृषणात शुक्राणू तयारच होत नाहीत किंवा फारच थोडे होतात, अथवा ते तयार होतात पण वाटेत अडतात. फ्रुक्टोज ही यातली जुनी खूण आहे. ही साखर शुक्राशयातून (शुक्रवाहिनीच्या शेवटाजवळच्या, वीर्याचा द्रव बनवणाऱ्या पिशवीतून) वीर्यात मिसळते, त्यामुळे शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतील (अशा वेळी शुक्राशयही बहुधा नीट घडलेले नसते) किंवा अडथळा शुक्राशयाच्या पुढे असेल, तर ती वीर्यात आढळत नाही. नसबंदीनंतर मात्र आढळते, कारण तो छेद शुक्राशयाच्या अलीकडे असतो. टोरांटोच्या संशोधकांनी 2013 मध्ये वीर्यद्रवातील दोन प्रथिने पुढे आणली. त्यांपैकी ईसीएम1 हे अधिवृषणातून (वृषणालगतच्या, शुक्राणू जेथे पक्व होतात त्या नळीतून) येते, म्हणून वाट अडलेली असल्यास त्याचे प्रमाण घटते. टेक्स101 हे वृषणातील शुक्राणुजनक पेशींचे प्रथिन असल्याने त्या पेशी तेथे आहेत की नाहीत याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. वृषणाचा तुकडा काढून तपासण्याची वेळ काही पुरुषांवर तरी येऊ नये, ही या शोधामागची आस आहे.

'नपुंसकत्व' हा शब्द या पत्रकातून काढूनच टाकावा, असे मी आग्रहाने सांगेन. नसबंदी झालेल्या पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू नसतात, पण त्याची संभोगक्षमता पूर्वीसारखीच असते. एवढे एक उदाहरण घेतले तरी अपत्य न होणे आणि संभोगाची असमर्थता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे स्पष्ट होते. मूल होत नाही म्हणजे पुरुषार्थ नाही, असा अर्थ या शब्दातून आपोआप निघतो, आणि त्या भीतीपोटी पुरुष तपासणी टाळतात व बोल पत्नीला लागतो. आपल्या बोलीत 'वांझ' बाई असते, पुरुष फार तर 'निपुत्रिक' असतो, आणि त्या शब्दात कारणाचा पत्ताच नाही. 'वंध्य' हे विशेषण मात्र संस्कृतात तिन्ही लिंगी चालते, तेव्हा 'पुरुष-वंध्यत्व' या शब्दावर व्याकरणाचा आक्षेप येऊ नये.

'शुक्रजंतू' हा जुन्या पुस्तकांतला प्रतिष्ठित शब्द आहे, हे मान्य. पण 'तुमचे जंतू कमी आहेत' हे वाक्य ऐकणाऱ्याला जंतुसंसर्ग आठवतो, आणि जंतू कमी असणे ही चांगलीच बातमी वाटू शकते. 'शुक्राणू' या शब्दाने तो घोळ होत नाही.

पुन्हा विचारणा : 'जैवचिन्हक' आणि 'शुक्राणू' स्वीकारले, आभारी आहे. आता दोन प्रकारांसाठी 'अवरोधजन्य' आणि 'अनवरोधजन्य' असे लिहू का?

उत्तर : पाठ्यपुस्तकात चालतील, पत्रकात नकोत. 'अन' हा उपसर्ग घाईत वाचताना निसटतो आणि निदानच उलटे होते. त्याऐवजी असे लिहावे : 'आपल्या वीर्यात शुक्राणू आढळले नाहीत. ते तयार होत नाहीत की वाटेत अडले आहेत, हे पाहण्यासाठी रक्तातील आणि वीर्यातील काही खुणा तपासल्या जातील.'