गो-वेन्ट-गॉन: तुम्हाला क्रियापदांची रूपं कशी शिकवली?

पाटीपेन्सिल:
लेकीच्या वहीत आज तीन रूपांचा तक्ता दिसला आणि मी मोठ्याने म्हणायलाच लागले, गो-वेन्ट-गॉन, टेक-टुक-टेकन. आमचं इंग्रजी पाचवीपासून (2000 नंतरच्या पोरांना पहिलीपासून). पाढे संपले की बाई हे म्हणून घ्यायच्या. डिडचं तर पक्कं बसलंय: भूतकाळाचं ओझं डिडने उचललंय ना, मग पुढच्याने कशाला उचलायचं? म्हणून 'डिड ही गो', वेन्ट नाही. तुमच्याकडे काय चालायचं? येऊ द्या.

झणझणीत:
पुट-पुट-पुट, कट-कट-कट 😂 परीक्षेत हीच यावीत म्हणून नवस बोलायचो.

रानवारा:
रीड विसरलात? स्पेलिंग तिन्हीकडे एकच, उच्चार रीड-रेड-रेड. सर फळ्यावर 'ही रीड द लेटर' लिहून एकेकाला वाचायला उभं करायचे. सगळा वर्ग 'रीड'. शेवटी मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, ही आहे पण एस नाही, म्हणजे भूतकाळ, म्हणजे रेड! तिला अख्खा खडू बक्षीस.

कोकणी_मेवा:
अख्खा खडू!! श्रीमंत शाळा हो तुमची.

टेम्सकाठी:
इथे कॉमेंट्रीत 'इंग्लंड आर बॅटिंग' म्हणतात. अकरा जण, म्हणून आर. अमेरिकेतली नणंद संघाला इज लावते, वर 'गॉटन' पण म्हणते. आपापल्या देशात दोघी बरोबर, तरी दर फोनला वाजतंच.

फोडणी:
सासरे ऐकतच नाहीत. 'आय ॲम लिव्हिंग इन ठाणे सिन्स ट्वेंटी इयर्स'. वीस वर्षांपासून राहतोय, ते जसंच्या तसं उतरतं. हॅव बीन लिव्हिंग हवं, आणि किती वर्षं ते सांगायचं तर फॉर. सिन्स कधीपासून त्याला, सिन्स 2005 वगैरे.

झणझणीत:
ठाण्यात कुठे? आम्ही नौपाडा.

फोडणी:
पाचपाखाडी! विपु करते (तुमच्या पानावर निरोप टाकते).

कोकणी_मेवा:
लाय-ले-लेन कुणीतरी सांगा ना, उद्या शिकवणीला घ्यायचंय.

रानवारा:
आपण आडवे झालो तर लाय-ले-लेन. वस्तू ठेवली तर ले-लेड-लेड. थाप मारली तर लाय-लाइड-लाइड.

कोकणी_मेवा:
देव भलं करो. पोरं मात्र मला धरणार.

टेम्सकाठी:
फोडणी, तुमच्याकडे चकलीची भाजणी दळून देणारी गिरणी आहे का जवळ? आई विचारतेय.