एसएसडी बसवूनही संगणक सुरू होताना अर्धा मिनिट थबकतो

जुळारी:
नमस्कार. माझ्याकडे २०१३ साली जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे आणि त्यावर मी घरूनच पुस्तकांच्या अक्षरजुळणीची कामे करतो. गेल्या महिन्यात जुन्या हार्ड डिस्कच्या जागी ५०० जीबीची साटा (डिस्क बोर्डाला जोडण्याची नेहमीची पद्धत) एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क, बसवली आणि विंडोज १० नव्याने न टाकता जुन्या डिस्कवरून जशीच्या तशी क्लोन करून घेतली. एकदा सुरू झाल्यावर संगणक उत्तम चालतो. घोडे अडते ते सुरुवातीलाच. पासवर्ड दिल्यावर डेस्कटॉप दिसतो, चिन्हे उमटतात आणि मग कशावरही क्लिक केले तरी काहीच हलत नाही. या वेळात कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा न लुकलुकता सलग पेटलेला असतो. साधारण अर्ध्या मिनिटाने तोवर केलेले सगळे क्लिक एकदम लागू होतात आणि चार-पाच खिडक्या एकावर एक उघडतात. हे कधी एकदा होते, कधी लागोपाठ दोनदा. विक्रेता म्हणतो, विंडोज नव्याने टाका. परंतु जुने फाँट आणि त्यांचे परवाने पुन्हा बसवण्यात माझा आठवडा जाईल. दुसरा काही मार्ग आहे का?

सोनचाफा:
कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू आहे का, ते पाहावे. माझ्या लॅपटॉपवर ते चालू केल्यानंतर बराच फरक पडला होता.

पेचकस:
फास्ट स्टार्टअपने दुखणे झाकले जाईल, बरे होणार नाही. त्या सोयीत संगणक बंद करताना विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे मुळापासून सुरू होते. म्हणून तपासणी नेहमी रीस्टार्ट करूनच करावी.

एखादे सेटिंग बदलण्यापूर्वी वेळ नेमका कुठे जातो ते पाहा. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावर वरच्या कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या बायोस या प्रोग्रामने घेतलेला वेळ, दिलेला असतो. तो आकडा मोठा असेल, तर दोष विंडोज येण्याआधीचा आहे. तुमच्या वर्णनावरून तसे वाटत नाही. त्यानंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टम’ची नोंदवही उघडा आणि संगणक अडकला त्या मिनिटाला क्रमांक १२९ ची पिवळी सूचना आहे का, ते शोधा.

बायोसमध्ये डिस्कशी बोलण्याची साटाची पद्धत जुनी ‘आयडीई’ आहे की नवी ‘एएचसीआय’, हेही पाहून ठेवा, कारण २०१३ च्या सुमाराच्या काही बोर्डांवर ती आयडीईवर राहून गेलेली आढळते. मात्र तसे दिसले, तर ती तडक बदलू नका; विंडोज निळा पडदा दाखवून उभी राहील. आधी विंडोजच्याच ‘एमएसकॉन्फिग’ या सोयीतून सेफ बूटची (मोजक्याच ड्रायव्हरांसह सुरू होण्याची) खूण करावी, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवडावे, सेफ मोडमध्ये विंडोज एकदा वर येऊ द्यावी आणि मग ती खूण काढावी. बिटलॉकर (विंडोजचे डिस्ककुलूप) चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी.

जुळारी:
सविस्तर उत्तराबद्दल आभार. बायोसचा वेळ ९.४ सेकंद आहे आणि एएचसीआय आधीपासूनच आहे. १२९ च्या नोंदी मात्र रोज सकाळी एक किंवा दोन, अगदी थबकण्याच्या वेळेच्याच सापडल्या. उगमाच्या रकान्यात ‘स्टोरएएचसीआय’ आहे आणि मजकूर ‘राइडपोर्ट०’ला रीसेट दिल्याचा आहे. माझ्याकडे राइड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) वगैरे काही नाही, म्हणून गोंधळलो.

पेचकस:
राइड या शब्दाने घाबरू नका, साध्या पोर्टलाही विंडोज तेच नाव देते. नोंदीचा अर्थ असा की विंडोजने एसएसडीकडे काही मागितले, ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही, म्हणून शेवटी तिने त्या उपकरणाला रीसेट केले. तुमचा अर्धा मिनिट या वाट पाहण्यात जातो.

असे होण्याची नेहमीची कारणे दोन. पहिले केबलचे: डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ‘सीआरसी एरर काउंट’ (केबलवरून जाताना बिघडलेल्या माहितीची मोजणी) वाढत असेल, तर साटाची केबल बदला. दुसरे, आणि मला तुमच्या बाबतीत अधिक संभवनीय वाटणारे, कारण वीजबचतीचे आहे. साटाच्या जोडणीला काही काम नसले की ती झोपवण्याची सोय असते, तिला लिंक पॉवर मॅनेजमेंट म्हणतात. काही एसएसडी या झोपेतून वेळेवर उठत नाहीत. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘हार्ड डिस्क’खाली हा पर्याय असतो, पण तो सहसा लपवलेला असतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारात) ‘पॉवरसेटिंग्ज’खाली ००१२ईई४७ ने सुरू होणाऱ्या कीच्या आत ०बी२डी६९डी७ ने सुरू होणारी की आहे, तिच्यातील ‘ॲट्रिब्यूट्स’ची किंमत १ ऐवजी २ केली की पर्याय दिसू लागतो. तेथे ‘ॲक्टिव्ह’ निवडा, म्हणजे जोडणी झोपणार नाही. रजिस्ट्रीला हात लावण्यापूर्वी त्या कीची प्रत एक्स्पोर्ट करून ठेवा. एसएसडीच्या फर्मवेअरची (तिच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) नवी आवृत्ती निघाली आहे का, हेही निर्मात्याच्या संकेतस्थळावर पाहावे. कधी कधी खरा उपाय तिथेच असतो.

सोनचाफा:
लॅपटॉपवर हेच केले, तर बॅटरी लवकर संपेल का?

पेचकस:
थोडा फरक पडेल. म्हणून लॅपटॉपवर १२९ ची नोंद प्रत्यक्ष दिसल्याशिवाय हे करू नये. केलेच, तर आधी ‘प्लग्ड इन’पुरते करून पाहावे.

जुळारी:
सीआरसीचा आकडा शून्य होता, म्हणून केबल तशीच ठेवली. पर्याय उघडल्यावर तेथे ‘एचआयपीएम’ (संगणकाने जोडणी झोपवण्याची पद्धत) निवडलेले दिसले. ते ‘ॲक्टिव्ह’ केले. त्यानंतरच्या सहा दिवसांत १२९ ची एकही नोंद नाही आणि रीस्टार्ट केल्यापासून अक्षरजुळणीची फाइल उघडेपर्यंत ३१ सेकंद लागतात. फर्मवेअरची नवी आवृत्ती आलेली आहे, पण हातातले पुस्तक छपाईला गेल्यावर आणि बॅकअप घेतल्यावरच ती टाकीन.