संभाजीनगरजवळ स्वतः फळे तोडू देणारी बाग: मदत हवी आहे

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण (त्यात दोन लहान मुले आणि गुडघेदुखी असलेल्या आई) छत्रपती संभाजीनगरहून साधारण ६० किलोमीटरच्या आत, मोसंबी, सीताफळ किंवा पेरू स्वतःच्या हाताने तोडून वजनावर विकत घेता येतील अशी बाग शोधत आहोत.

मागील रविवारी पाचोडच्या बाजूला दोन ठिकाणी चौकशी केली. परंतु आंबे बहाराचा (हिवाळ्याच्या अखेरीस आलेल्या फुलांपासून धरलेला) मोसंबीचा माल व्यापाऱ्याला उक्ता, म्हणजे सगळा एकरकमी, दिलेला असल्याने शेतकऱ्याला स्वतःलाही परस्पर विक्री करता येत नव्हती. एकाने आपुलकीने एक मोसंबी तोडू दिली, तर माझ्या ओढण्याने देठाजवळची साल फाटली. त्यामुळे त्यांची नाराजी मला रास्तच वाटते. काही कृषी पर्यटन केंद्रांत जेवण आणि बैलगाडी मिळते, फळतोडणी मात्र नाही. दौलताबादच्या रस्त्यावर टोपलीतले सीताफळ सहज मिळते, पण आम्हाला ते झाडावरूनच हवे आहे.

बाजारभावापेक्षा थोडे अधिक पैसे देण्यास हरकत नाही. गाडी बांधापर्यंत जावी, एवढीच अट आहे. बाग व्यापाऱ्याला न देता स्वतः विकणारे शेतकरी कोणत्या गावात भेटतील आणि किती दिवस आधी विचारावे?