रोरी गॅलहर: पारंपरिक ब्लूजवाला म्हणायचं का?

सहातारी:
आयर्लंडच्या कॉर्कमध्ये वाढलेला गिटारवादक रोरी गॅलहर (1948–1995) जन्मभर ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) वाजवत राहिला, हे मान्य. पण ‘पारंपरिक’? जुना अमेरिकन ब्लूज गायक लेडबेली, त्याचं काउबॉयचं गाणं रोरीने 1975च्या ‘अगेन्स्ट द ग्रेन’ अल्बममध्ये ‘आउट ऑन द वेस्टर्न प्लेन’ म्हणून घेतलं, तेच ऐका. गिटार डॅडगॅड ट्यूनिंगमध्ये लावली आहे. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेपासून पहिलीपर्यंत डी-ए-डी-जी-ए-डी. हे ट्यूनिंग रूढ केलं इंग्रज वादक डेव्ही ग्रॅहमने, ब्लूजचं माहेर असलेल्या मिसिसिपी डेल्टाशी त्याचा काय संबंध? डीला सा धरा: सा-प-सा-म-प-सा. गंधारच गायब! ब्लूजची सगळी गंमत कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागेत. इथे मोकळ्या तारा छेडल्या की थेट आयरिश सूर कानावर येतो.

खर्जवाला:
मोकळ्या तारेत गंधार नाही म्हणून तो वाजत नाही का? चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट (गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) कोमल, चौथा शुद्ध. तिसऱ्यावर बोट दाबून तार किंचित ओढा, मधली जागा हाती येते. उलट ओपन डीमध्ये (मोकळ्या तारांतच डी मेजर कॉर्ड देणारं ट्यूनिंग) तिसरी तार एफ शार्पला, म्हणजे शुद्ध गंधार आयता. ती मोकळी वाजली की त्या तारेवर त्याखाली उतरायची सोयच नाही. परंपरा तपासायची तर उजवा हात बघा. लेडबेलीच्या बारातारी गिटारचा कणा म्हणजे अंगठ्याने खर्जात धावणारी बास. ती सुटली तर कुठलंही ट्यूनिंग वाचवणार नाही.

सहातारी:
मग स्लाइडचं, म्हणजे तारांवर नळी सरकवून वाजवण्याचं काय? ओपन डीत बाराव्या फ्रेटवर नळी आडवी टेकवली की अख्खा मेजर कॉर्ड. डॅडगॅडमध्ये तेच केलंत तर तिसऱ्या तारेचा मध्यम खड्यासारखा लागतो. ती तार बोटाने दाबून गप्प करावी लागते. डेल्टाच्या वादकांनी ओपन जी आणि ओपन डी उगाच नाही धरले.

जुनी_तबकडी:
‘पारंपरिक’ची व्याख्या युरोपियन श्रोत्यांनी नेहमीच सोयीने केली आहे. शिकागोचा ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स 1958मध्ये ब्रिटनला इलेक्ट्रिक गिटार घेऊन गेला, तर काहींना गोंगाट वाटला. 1963मध्ये अकूस्टिक घेऊन गेला, तर लोकांना इलेक्ट्रिक हवी! त्याच मडीच्या ‘लंडन सेशन्स’ अल्बमवर रोरी वाजवतो. आणि हो, रोरीच्या 1961च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा रंग उडालाय म्हणून कुणी अस्सल ठरत नाही. ते कौतुक पुरे.

सहातारी:
एकत्र रेकॉर्डिंग केलं म्हणजे वारसा मिळाला, असं होत नाही. त्याच सेशन्सवर इंग्रज रॉक संगीतकार स्टीव्ह विनवुडही आहे.

खर्जवाला:
वारसा सोडा, आवाज ऐका. रोरीच्या व्हॉक्स एसी-30 अॅम्पचा नॉर्मल चॅनल मुळात बोथट, म्हणून त्याच्या पुढे वरचे सूर उठवणारा डॅलस रेंजमास्टर ट्रेबल बूस्टर. अॅम्प चढवून ठेवायचा आणि गिटारच्या व्हॉल्यूमने आवाज आवरायचा. बूस्टरातला जर्मेनियम ट्रान्झिस्टर मात्र गरम झाला की बायस (त्याची ठरलेली विद्युत पातळी) सरकतो आणि आवाज फुसका होतो. शिकागोचे ब्लूज वादकही छोटे अॅम्प असेच फाटेपर्यंत चढवत.

तारजोड:
डॅडगॅड करून बघणाऱ्यांसाठी: नेहमीच्या ट्यूनिंगवरून सहावी, दुसरी, पहिली एकेक पूर्ण स्वर (दोन फ्रेट) खाली. अकूस्टिकवर 10चा, म्हणजे पातळ तारांचा सेट असेल तर सहावी लुळी पडते. अंगठा जोरात बसला की सूर क्षणभर वर उडतो आणि तार फ्रेटवर खडखडते. 13चा, जाड तारांचा सेट लावा. मग ठरवा बास धावते की नाही.